तीन खापरं, एक ओलं फडकं

२०४१ सालापर्यंत सावद्यात बरंच काही बदललं होतं. केळीच्या बागांवर औषध फवारणारी यंत्रं घिरट्या घालत होती. बसस्थानकावर चालकाविना बस येत होती आणि वेळेवर येत होती, हे तर नवलच म्हणायचं. पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरसाच्या वाटीशेजारी मांडा हवा तो चंद्रकलाबाई बऱ्हाट्यांच्याच हातचा, यात तसूभरही फरक पडला नव्हता.

ज्यांनी मांडा होताना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुरण भरलेला कणकेचा गोळा घ्यायचा, पोळपाट-लाटण्याला शिवायचंसुद्धा नाही, दोन्ही हातांवर झेलत-फिरवत तो इतका पसरवायचा की कोपरापर्यंत हात झाकून जावा. मग एका झटक्यात उपड्या ठेवलेल्या मातीच्या खापरावर टाकायचा. खापर कमी तापलेलं असलं तर मांडा चिकटतो, जास्त तापलेलं असलं तर करपतो. मधलं जे नेमकं तापमान आहे ते चंद्रकलाबाईंच्या तळहाताला कळायचं. खापरापासून वीतभर वर हात धरायचा, डोळे मिटायचे आणि मान डोलवायची. खापर डोईजड व्हायला लागलं की ओलं फडकं फिरवून त्याला जागेवर आणायचं. फडकं किती ओलं, कधी, किती झपाट्यानं, याला ना माप ना पुस्तक.

मांडे करणाऱ्या अकरा बायकांचा गट होता. दहाजणी पुरण वाटायच्या, कणीक तिंबायच्या, घड्या घालून टोपल्या भरायच्या. खापराशी बसायच्या त्या एकट्या चंद्रकलाबाई. त्यांच्या डाव्या अंगाला बसून गोळे भरून देणारी सुलोचना झोपे तर तीस वर्षं त्याच जागी होती. तिनं दोनदा विचारलं होतं, "आक्का, मी टाकून पाहू का एखादा?" दोन्ही वेळा उत्तर एकच मिळालं होतं, "तुझा हात कच्चा आहे, सुलू." तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

त्या साली नगर परिषदेनं गटासाठी मांडेघर बांधलं. पत्र्याखाली घामानं भिजणाऱ्या बायकांना पक्कं छप्पर मिळणार होतं. फक्त एक अट होती. मांडेघराला जोडणी एकच मिळेल आणि ती पुढची वीस वर्षं राहील. सिलिंडर, नळाचा वायू किंवा वीज. तिन्ही दारात आणून ठेवायचं म्हणजे तिन्हींची देखभाल आली, आणि ते आता कोणालाच परवडत नव्हतं. कोणतं घ्यायचं ते आधी मोजून ठरवा, असा वरून आदेश होता.

परिषदेचे अभियंता वायकोळे हे सरळ गृहस्थ. बोलताना कपाळाला आठी घालायचे, पण समजवायचे छान. त्यांनी बायकांना गोळा करून सांगितलं, "सिलिंडरात असतो प्रोपेन आणि ब्युटेन. दाबला की पातळ होतो, टाकीत मावतो, म्हणून तो कुठंही नेता येतो. पण हवेपेक्षा जड. गळला तर जमिनीलगत साचून बसतो. नळातून येतो तो मिथेन. तो हवेपेक्षा हलका, गळला तर वर उडून जातो. पण नळ संपला की तोही संपला. तेवढ्याच जागेत प्रोपेनमध्ये अडीचपट उष्णता असते, म्हणून सिलिंडरच्या शेगडीचं भोक बारीक आणि नळाच्या शेगडीचं मोठं. याची शेगडी त्याला चालत नाही."

"आणि दोघांचं दुखणं एकच," सुलूबाई मधेच म्हणाली. "अर्धी आग खापराच्या कडेनं वर येते अन् आमच्या थोबाडावर बसते."

सगळ्या हसल्या. पण मागच्या मे महिन्यात बाहेर सेहेचाळीस अंश असताना हीच सुलूबाई मांड्यांच्या टोपलीवर बेशुद्ध होऊन पडली होती, हे कोणी विसरलं नव्हतं.

विजेचा विचार खरं तर कोणी केलाच नसता. विजेच्या शेगडीत आग नसते, असतं ते सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होणारं चुंबकी क्षेत्र. ते लोखंडी तव्याला तापवतं. मातीच्या खापरातून मात्र ते आरपार निघून जातं, खापराला पत्ताही लागत नाही. म्हणून विजेवर मांडा होत नाही, विषय संपला, असंच सगळे धरून होते. तो विषय पुन्हा उघडला चंद्रकलाबाईंच्या सुनेनं.

कृतिका जळगावची, मातीकामाचं विज्ञान शिकलेली. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला तिनं हौसेनं मांडा हातावर घेतला होता आणि तो खापरावर पडला तो गोधडीचा बोळा होऊन. घर भरून पाहुणे होते. चंद्रकलाबाई म्हणाल्या होत्या, "राहू दे बाई, तुझं ते कागदावरचं काम बरं." बोलायचं म्हणून बोलल्या, पण सुनेच्या ते जिव्हारी लागलं. पुढं सहा वर्षं एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करता करता ती कुंभारवाड्यातून माती आणत होती, त्यात कसले कसले कण मिसळत होती, भट्टीत भाजत होती, आणि तडा गेलेली खापरं परसात रचत होती.

त्या चैत्रात एका दुपारी तिनं सासूला हाक मारली. "आई, जरा इकडे या. हात धरून बघा."

ओट्यावरच्या विजेच्या शेगडीवर काळसर रंगाचं खापर उपडं ठेवलं होतं. ना ज्योत, ना धूर. चंद्रकलाबाईंनी हसत हसत तळहात वर धरला आणि त्यांचं हसू जागच्या जागी विरलं. खापर तापलं होतं. नुसतं तापलं नव्हतं, नेमकं तेवढंच तापलं होतं. त्या वाट पाहत राहिल्या की आता वाढेल, आता फडकं लागेल. पाच मिनिटं गेली, दहा गेली. खापर त्याच जागेवर.

"थांबलं कसं गं हे?"

"प्रत्येक चुंबकी पदार्थाचं एक ठरलेलं तापमान असतं, आई. तिथं पोचला की त्याचं चुंबकत्व जातं. थंड झाला की परत येतं. मी फेराइटचे असे कण बनवलेत की ते बरोबर दोनशे सत्तर अंशांना चुंबकत्व विसरतात. ते मातीत मिसळलेत. त्याच्या खाली असेपर्यंत ते शेगडीतून उष्णता घेतात, तिथं पोचले की घेणं बंद. पंगतीत पोट भरलं की आपण ताटावर हात आडवा धरतो ना, तसं. आणि खापरात असे कोट्यवधी कण आहेत. मांडा जिथं पडला तिथलेच थंड होतात, तिथलेच परत घेतात. बाकीचे गप्प बसतात."

"म्हणजे खापर वरचढ होतच नाही?"

"होऊच शकत नाही. कोणीही बसलं तरी."

कोणीही! चंद्रकलाबाईंनी "छान आहे हो" असं म्हटलं, सुनेच्या पाठीवरून हातही फिरवला, आणि देवघरासमोर जाऊन उगीचच समई पुसत बसल्या. चाळीस वर्षं जे या तळहातात होतं ते पोरीनं मातीत कालवून टाकलं होतं. उद्या हे खापर मांडेघरात आलं तर तिथं कोणीही बसेल. मग चंद्रकलाबाई बऱ्हाटे म्हणजे कोण? अकरा बायकांतली एक. त्यांना सुनेचा अभिमानही वाटत होता आणि तिचा रागही येत होता, आणि दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं याचं त्यांना मनापासून आश्चर्य वाटत होतं.

मोजणीचा नियम वायकोळ्यांनी ठरवला. तीन खापरं, प्रत्येकावर चाळीस मांडे, कणीक एकाच परातीतली, पुरण एकाच पातेल्यातलं आणि हात एकच. शेगडीखालचं यंत्र किती उष्णता घेतली ते मोजणार. विजेला सूट नाही. वीज घरात एक युनिट येते तेव्हा मागं वीजघरात आणि तारांत कितीतरी जास्त खर्ची पडलेलं असतं, म्हणून विजेचा आकडा सव्वादोननं गुणायचा. ज्याचा अखेरचा आकडा कमी, ते मांडेघरात.

"हात कोणाचा?" वायकोळ्यांनी विचारलं, आणि दहाही बायकांनी चंद्रकलाबाईंकडे पाहिलं.

सिलिंडरच्या एजन्सीचा माणूस चुळबुळला. "खापर यांच्या सुनेचं, आणि हातही यांचाच?"

"दादा," सुलूबाई त्याच्यावर उसळली, "आक्काचा हात खोटं बोलत नाही. तीस वर्षं शेजारी बसले मी, तुले काय माहीत?"



मोजणी आखाजीच्या पंधरा दिवस आधी, मांडेघराच्या नव्या कोऱ्या सभागृहात झाली. सकाळी सिलिंडर. निळी ज्योत खापराला चाटत होती आणि चंद्रकलाबाईंचे हात चालू झाले. टाकला, उलटला, घडी, फडकं. टाकला, उलटला, घडी, फडकं. चाळीस मांडे पाऊण तासात, एकावर डाग नाही. मग नळाचा वायू. ज्योत जरा मोठी, जरा मऊ. चाळीस मांडे, एकावर डाग नाही. तोवर त्यांचं पातळ पाठीला चिकटलं होतं आणि सुलूबाई पदरानं वारा घेत बसली होती.

जेवणं झाल्यावर विजेचं खापर. कृतिका यंत्राच्या पडद्यापाशी उभी होती, हाताची बोटं एकमेकांत अडकवून. चंद्रकलाबाईंनी पहिला मांडा टाकला, उलटला, काढला आणि फडकं फिरवलं. दुसरा टाकला. फडकं फिरवलं. हाताची सवय होती ती, त्यात वाईट काहीच नव्हतं.

दहाव्या मांड्याला त्यांच्या लक्षात आलं. फडकं लागतच नव्हतं. गॅसवर ज्योत थांबत नाही, खापर वरवर चढत राहतं, म्हणून त्याला पाण्यानं आवरावं लागतं. हे खापर मुळी चढतच नव्हतं. उलट फडक्यातलं पाणी वाफ होऊन जायचं आणि जाताना खापराची उष्णता घेऊन जायचं, आणि ते बापडं कण न् कण गोळा करून परत भरून काढायचं. पाण्याची वाफ करायला किती उष्णता लागते ते त्यांना आकड्यात माहीत नव्हतं, पण फडकं फिरवल्यावर होणारा तो चर्र आवाज त्यांना चांगला कळत होता. प्रत्येक चर्रसरशी यंत्राचा आकडा वाढत होता.

त्यांनी डावीकडे पाहिलं. सुलूबाईच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. गोळा भरता भरता ती चक्क गुणगुणत होती.

फडकं खाली ठेवायचं एवढंच काम होतं. चंद्रकलाबाईंनी ते पाण्यात बुडवलं आणि या वेळी पिळलं नाही.

अकरावा. बारावा. विसावा. निथळतं फडकं, चर्र. कोणाला काय कळणार? मांडेवाली खापर पुसतेच. जन्मभर सगळ्यांनी तेच पाहिलेलं. पडद्यावरचा आकडा वर जात होता, कृतिकाचा चेहरा उतरत होता, आणि सासूबाईंचे हात मात्र लोण्यासारखे चालत होते. चाळीस मांडे, एकावर डाग नाही.

वायकोळ्यांनी आकडे वाचून दाखवले. सिलिंडर, नऊ पूर्णांक आठ युनिट. नळ, नऊ पूर्णांक दोन. वीज, सव्वादोननं गुणून, दहा पूर्णांक चार. विजेचं खापर तिघांत शेवटचं. सह्या उद्या सकाळी.

मग जे झालं त्याची चंद्रकलाबाईंनी कल्पनाही केली नव्हती. सिलिंडरचा माणूस पुढं आला आणि त्यानं चक्क वाकून नमस्कार केला. "चुकलो ताई. सख्ख्या सुनेचं खापर होतं, पण तुम्ही बाजू घेतली नाही." बायका म्हणाल्या, अशी माणसं राहिली नाहीत आता. वायकोळे म्हणाले, हा हात म्हणजे आमचं सगळ्यांत बिनचूक यंत्र. आणि सुलूबाई भरलेल्या गोळ्यांची रिकामी परात उचलून मोरीकडे गेली. वीस वर्षं पुन्हा त्या आगीसमोर बसायचं होतं तिला.

घरी आल्यावर कृतिका परसात जाऊन बसली. चंद्रकलाबाई चहा घेऊन मागोमाग गेल्या. सून चिडेल, विचारेल, भांडेल, असं त्यांना वाटत होतं. त्याची त्यांनी तयारीही केली होती. म्हणणार होत्या, मांडेवाली खापर पुसते, यात माझं काय चुकलं?

पण कृतिका म्हणाली, "माझी माती कच्ची निघाली, आई."

"काय म्हणतेस?"

"प्रयोगशाळेत हिशेब आठावर येत होता. इथं दहाच्या वर गेला. म्हणजे कुठंतरी उष्णता गळतेय. आलेख बघितला मी, प्रत्येक मांड्यानंतर तापमान धाडकन खाली येतं. मांडा काढल्यावर यायला नको खरं तर." तिनं चहाचा कप हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. "तुमचा हात चुकणं शक्य नाही. मग चुकली ती माती. सहा वर्षं मी चुकीच्या गोष्टीमागे धावले. कंपनीला उद्या कळवते, हे काम मी सोडतेय."

"अगं, एका मोजणीवरून कोणी..."

"दुसऱ्या कोणी केली असती तर मी वाद घातला असता. तुम्ही केलीत."

भांडली असती तर किती बरं झालं असतं. ही पोर स्वतःच्या सहा वर्षांवर काट मारायला तयार होती, पण सासूच्या हातावर शंका घ्यायला तयार नव्हती. आणि तो हात आत्ता या क्षणी पदराचं टोक चुरगाळत होता. बोलायचं तर आत्ताच बोलायला हवं होतं. जीभ रेटली नाही. "चहा गार होतोय," एवढंच त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या, आणि आत जाऊन स्वतःचीच त्यांना किळस आली.

सकाळी मांडेघरात सगळे जमले. टेबलावर करारनामा होता, शेजारी पेन होतं. वायकोळ्यांनी साक्षीदाराच्या सहीसाठी कागद चंद्रकलाबाईंपुढं सरकवला.

"नाही करणार मी सही," चंद्रकलाबाई म्हणाल्या.

"का हो ताई? काही राहिलं का?"

"फेरी खोटी होती. विजेच्या खापराले फडकं लागत नाही. दहाव्या मांड्याले कळलं होतं मले. तरी मी पुसत राह्यले. अकराव्यापासून तर न पिळता पुसलं. मुद्दाम."

कोणाला आधी समजलंच नाही. कृतिकाला समजलं. ती खुर्चीवरून अर्धी उठली आणि तशीच राहिली.

"पण कशासाठी?" वायकोळ्यांच्या कपाळावरची आठी दुप्पट झाली.

"कशासाठी म्हणजे? ते खापर आलं तर माझी जागा जाते ना!" चंद्रकलाबाईंचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. "चाळीस वर्षं सगळं गाव माझ्या हाताचं नाव घेतं. ते सोडवलं नाही. बस, एवढंच आहे. यात दुसरं काही शोधू नका."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. काल वाकून नमस्कार करणारा माणूस आज छताकडे पाहत होता. सुलूबाई टक लावून आक्काकडे पाहत होती, आणि ती नजर चंद्रकलाबाईंना बाकीच्या सगळ्या कुजबुजीपेक्षा जड गेली.

"मोजणी परत घ्या," त्या म्हणाल्या. "आज, आत्ता. मी बसते. फडक्याशिवाय."

वायकोळ्यांनी सावकाश मान हलवली. "ताई, तुम्ही सांगितलंत हे मोठंच आहे. पण आता तुमच्या हातावर मला माप धरता येणार नाही. काल एका बाजूला झुकला, आज भरपाई म्हणून दुसऱ्या बाजूला झुकेल. मला कसं कळणार?"

खरं होतं ते. चंद्रकलाबाईंना ते ऐकताना कानशिलं तापल्यासारखी झाली, तरी खरंच होतं. आणि दुसरा हात गावात होताच कुठे? त्यांनी तो होऊच दिला नव्हता. त्या क्षणी हे त्यांना इतकं स्वच्छ दिसलं की त्या खाली बसल्या, आणि लगेच पुन्हा उठल्या.

"मग सुलूचा हात धरा."

"माझा?" सुलूबाई दचकली. "माय वं! मी कधी खापराले हात लावला?"

"तेच म्हणते मी. वायकोळे साहेब, हिनं जन्मात एक मांडा टाकलेला नाही. सिलिंडरलाही ती नवी, नळालाही नवी, विजेलाही नवी. याच्यापेक्षा सारखा हात कुठून आणाल? तिन्हींवर चाळीस-चाळीस टाकू द्या. करपलेला, चिकटलेला, फाटलेला मांडा मोजू नका. चांगला निघाला तेवढाच मोजा, आणि उष्णता त्याच्यावर वाटा. मांडेघरात पुढं बसणाऱ्या पोरी नव्याच असणार आहेत. मग माप नव्या हाताचंच पाहिजे ना?"

वायकोळे दोन मिनिटं कागदावर काहीतरी मांडत राहिले. मग म्हणाले, "हे माप कालच्या मापापेक्षा बरोबर आहे. आधी सुचायला हवं होतं मला."

सुलूबाई आधी नाही-नाही म्हणाली. मग चंद्रकलाबाईंजवळ जाऊन हलक्या आवाजात म्हणाली, "तीस वर्षं हात कच्चा होता माझा, आक्का. एका रात्रीत पिकला का?"

"कच्चा नव्हता," चंद्रकलाबाई म्हणाल्या. "मी बघितलाच नव्हता. बस आता, अन् मले हजार शिव्या दे नंतर."

क्रम कोणाच्या मर्जीवर नको म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. नळ आधी निघाला. सुलूबाईचे पहिले चार मांडे हातावरच फाटले. पाचवा, तीस वर्षं शेजारून पाहिलेलं आठवत, खापरावर पडला, पण तोवर खापर वरचढ झालं होतं. तिनं फडकं फिरवलं ते उशिरा, मग घाबरून पुन्हा फिरवलं ते लवकर. चंद्रकलाबाई भिंतीशी उभ्या होत्या, दोन्ही हात पाठीमागे बांधून. सांगायचं काही नाही असं वायकोळ्यांनी बजावलं होतं. न सांगता उभं राहणं इतकं अवघड असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. चाळीसांत तेवीस निघाले. सिलिंडरची ज्योत आणखी तिखट, तिथं एकोणीस.

शेवटी सुलूबाई विजेच्या खापराशी बसली. मघाच्या दोन फेऱ्यांत हात जरा मोकळा झाला होता, हे खरं, आणि वायकोळ्यांनी तसं कागदावर नोंदवूनही घेतलं. पण पहिले दोन मांडे पडले ते वाकडेतिकडेच. तिसरा बरा पडला. चौथा खापराच्या उतारावरून सगळीकडे सारखा सांडत गेला, बुडबुडे आले, सोनेरी ठिपके आले. उलटला. काढला. तिचा हात सवयीनं फडक्याकडे गेला नाही, कारण तिला सवयच नव्हती. पाचवा. सहावा. पंधराव्याला ती हसायला लागली. तिसाव्याला सगळ्या बायका मोठमोठ्यानं मोजत होत्या. छत्तीस निघाले, आणि त्यांतला शेवटचा कोपराच्याही वर पोचला होता.

आकडे वाचायची गरजच नव्हती, तरी वायकोळ्यांनी वाचले. एका चांगल्या मांड्यामागे विजेला लागलेली उष्णता, सव्वादोननं गुणूनही, नळाच्या निम्म्याच्या आसपास. सिलिंडरची तर त्याहून दयनीय अवस्था.

"सिलिंडर मात्र हाकलू नका," चंद्रकलाबाई म्हणाल्या. सगळ्यांनी चमकून पाहिलं. "खोटं नाही बोलत, घाबरू नका. लग्नाचं बोलावणं शेतातल्या मांडवात असतं. तिथं तार कुठून ओढणार? आणि इथं वीज गेली तर? जोडणी म्हणून नको, पण दोन टाक्या, एक साधं खापर, बाहेरच्या शेडमध्ये असू द्या. नळाचं मात्र काही काम नाही इथं. तो घरच्या पोळीभाजीला ठीक आहे."

वायकोळ्यांनी ते जसंच्या तसं करारात घातलं आणि या वेळी चंद्रकलाबाईंनी सही केली.

माणसं पांगल्यावर कृतिका समोर येऊन उभी राहिली. डोळे लाल होते.

"मी खापर फोडून टाकणार होते, आई."

"माहीत आहे."

"काल चहा घेऊन आलात तेव्हा सांगता आलं असतं."

"आलं असतं. नाही सांगितलं. भित्री आहे मी."

"मी खूप रागावलेय तुमच्यावर. चार दिवस तरी बोलणार नाही."

"नको बोलूस," चंद्रकलाबाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. "पण त्या खापराचा उतार थोडा कमी कर. मांडा कडेला पातळ होतो. सुलूच्या चारांतले दोन त्यामुळे गेले, तिच्या हातानं नाही."

कृतिकानं रागातच वही काढली आणि लिहून घेतलं. पाचव्या दिवशी ती आपण होऊन बोलली, तेही उताराबद्दलच, पण बोलली.

आखाजीच्या आदल्या दिवशी मांडेघर गच्च भरलं होतं. चार काळी खापरं ओळीनं चालू होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत पंख्याखाली बसवत होतं. चंद्रकलाबाई खापराशी नव्हत्या. त्या दोन नव्या पोरींना कणीक हातावर कशी खेळवायची ते दाखवत होत्या, कारण खापर कितीही शहाणं असलं तरी मांडा हातावर पसरवायला त्याला हात फुटलेले नव्हते. ते शिकायला अजूनही महिने लागत होते, आणि शिकवणारी गावात एकच होती. "मनगट ढिलं सोड गं, म्हशीचं दावं धरल्यासारखं काय धरतेस?" असा आवाज रस्त्यापर्यंत जात होता.

फोन वाजला. फैजपूरचं कोणी मोठं घर होतं. शंभर मांडे हवे होते, आणि तिथल्या बाईंनी आधीच बजावलं, "दरवर्षी आम्ही चंद्रकलाबाईंच्याच हातचे नेतो. खापरावर त्याच आहेत ना?"

चंद्रकलाबाईंनी मान वळवून पाहिलं. पहिल्या खापरावर एक मांडा हातभर पसरून पडत होता.

"नाही," त्या फोनवर म्हणाल्या. "सुलोचना झोपे आहे. नाव नीट लिहून घ्या. पुढच्या वर्षी तुम्ही तिलाच मागाल."